पोरीचा २१ दिवसांचा हँडबॉल कॅम्प (सोलापूर), सगळा अनुभव

बिल्डिंगमधल्या दोघीतिघींनी विचारलं की लेकीला हँडबॉलला घातलंस ते कसं आहे गं, आमच्या पोरांना घालू का. दरवेळी जिन्यात उभं राहून अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. क्लबचं आणि शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि ती माणसं मनापासून शिकवणारी आहेत, तक्रारी मी त्यांच्याशी समोर बसून बोललेली आहे. ज्यांना पाहिजे त्यांनी मला वैयक्तिक मेसेज करा.

आधी साधी माहिती. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाला, २१ दिवस, रोज सकाळी ६ ते पावणेआठ, रविवारी सुट्टी. शाळेचं मातीचं मैदान. फी १२०० आणि टी-शर्टचे २५० वेगळे. ८ ते १५ वयाची पस्तीसेक पोरं, त्यात मुली तेरा. शिकवायला एक मोठे सर आणि एक ताई, ताई कॉलेजला आहे आणि स्वतः विद्यापीठाच्या टीममधून खेळलेली आहे. सोलापूरचं मे महिन्याचं ऊन कसं असतं ते सांगायला नको, साडेआठनंतर मैदानावर पाय ठेववत नाही, त्यामुळे सहाची वेळ एकदम बरोबर आहे. पण म्हणजे तुम्हाला सव्वापाचला उठून पोराला उठवायचंय हे मनाची तयारी करून ठेवा.

आमची अकरा पूर्ण, सहावीत जाणारी. नातेवाइकांपैकी निम्म्यांना हँडबॉल म्हणजे व्हॉलीबॉल वाटलं, राहिलेल्यांना बास्केटबॉल, आणि मला पण फारशी वेगळी माहिती नव्हती. टीव्हीवर जयपूरला झालेली २०२३ची प्रीमियर हँडबॉल लीग थोडी बघितली होती, आपली महाराष्ट्र आयर्नमेन जिंकली ती, तेवढंच. पहिल्याच दिवशी सरांनी सगळ्या पालकांना पण गोल करून बसवलं आणि दहा मिनिटांत खेळ समजावला ते मला फार आवडलं. एका बाजूला सात जण, सहा मैदानात आणि एक किपर. मैदान ४० मीटर लांब, २० मीटर रुंद. गोल ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच. मोठ्यांची मॅच ३०-३० मिनिटांची, लहानांची वयाप्रमाणे कमी. बॉल हाताने खेळायचा, गुडघ्याखाली पायाला लावून खेळला तर फाऊल. बॉल हातात घेऊन तीन पावलं आणि तीन सेकंद, मग पास द्या, शॉट मारा नाहीतर टप्पा टाका. टप्पे टाकून बॉल परत हातात घेतला की पुन्हा तीन पावलं मिळतात पण पुन्हा टप्पा नाही. बस, एवढं कळलं की मॅच बघता येते असं सर म्हणाले आणि खरंच येते.

आता मेन गोष्ट, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. पहिले आठ दिवस या सरांनी कुणालाच गोलवर बॉल मारू दिला नाही. एकालाही नाही. फक्त पकडणं आणि पास देणं. तिसऱ्या दिवशी दोन पालक चिडले, हजार रुपये भरून पोरं नुसती झेलाझेली करतायत म्हणाले, एकाने तर पोराला काढून क्रिकेटला घातलं. मला पण वाटलं होतं की पोरं कंटाळतील. पण मी कठड्यावर बसून रोज बघत होते आणि पाचव्या-सहाव्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर फरक दिसला, जी पोरं बॉल अंगावर आला की तोंड फिरवून डोळे मिटायची ती बॉलकडे हात पुढे न्यायला लागली. एवढी एकच गोष्ट कॅम्पने दिली असती तरी माझे पैसे वसूल झाले असते, कारण शाळेतल्या कुठल्याच पीटीच्या तासाला कुणी पोरांना बॉल पकडायचा कसा हे शिकवत नाही, बॉल टाकतात आणि खेळा म्हणतात.

पकडायला कसं शिकवलं ते सांगते कारण घरी पण करता येईल. दोन्ही हात पुढे, बोटं फाकलेली, दोन्ही अंगठे आणि अंगठ्याशेजारची बोटं मिळून इंग्रजी डब्ल्यू झाला पाहिजे, म्हणजे बॉल मधून निसटून तोंडावर येत नाही. कोपर थोडं वाकलेलं. बॉल येताना हात त्याच्याकडे न्यायचे आणि बोटांना लागला की आपल्याकडे ओढून घ्यायचा, भिंतीसारखं ताठ राहायचं नाही. कमरेखाली आला तर हात उलटे, करंगळ्या जवळ. सरांनी काय केलं, बॉल खडूच्या पुडीत लोळवला आणि प्रत्येकाला दहा-दहा झेल दिले आणि मग म्हणाले हात दाखवा. ज्यांच्या तळहातावर पांढरं लागलंय ते तळव्याने पकडतायत, आवाज पण "फट्ट" असा येतो, बॉल उडतो. ज्यांच्या बोटांवर लागलंय त्यांचं बरोबर. पोरं रांगेत उभी राहून एकमेकांचे हात बघत होती. आमची घरी आली ती बोटांची पांढरी टोकं आजीला दाखवतच, धुवायला तयार नव्हती. कुणाला ओरडायला लागलं नाही, काही नाही, पोराला स्वतःलाच कळतंय आपलं कुठं चुकतंय, मला हे शिकवणं म्हणून फार मोठं वाटतं.

पासचं पण तसंच. नवीन पोर बॉल छातीसमोरून ढकलतं किंवा खालून फेकतं. इथे कोपर खांद्याच्या बरोबरीला किंवा वर पाहिजे, बॉल डोक्याच्या मागे नाही तर बाजूला, विरुद्ध पाय पुढे, म्हणजे उजव्या हाताने टाकणाऱ्याचा डावा पाय पुढे, कंबर वळवायची आणि शेवटी मनगटाचा झटका. कोपर खाली पडलं की ताई लगेच मागून एका बोटाने वर उचलायची. ताकद खांद्यातून नाही येत, कंबरेतून येते, हे तर मला या वयात कळलं. आधी उभ्याने, मग चालत, मग पळत, मग तिघांच्यात आडवं-तिडवं जागा बदलत. बॉल जिथे माणूस आहे तिथे नाही टाकायचा, जिथे तो पोचणार आहे तिथे टाकायचा, हे जमायला पोरांना पूर्ण आठवडा लागला आणि मोठ्या पोरांना पण सारखं जमत नव्हतं.

नवव्या दिवशी पावलं शिकवायला घेतली आणि इथेच माझी पहिली तक्रार आहे.

आमची डावरी आहे. घरात त्यावरून कायम बोलणी खाते, ताटात डावा हात गेला की सासूबाई अजूनही टोकतात, शाळेत बाकावर शेजारणीचं कोपर लागतं म्हणून कोपऱ्यात बसवतात. जंप शॉटची पावलं ताईने चुन्याने जमिनीवर काढली होती, डावा, उजवा, डावा आणि डाव्या पायावर उडी, वर हवेत असताना उजव्या हाताने शॉट. उजव्या हाताने खेळणाऱ्याला हे बरोबर आहे. डावऱ्याला बरोबर उलटं पाहिजे, उजवा, डावा, उजवा आणि उजव्या पायावर उडी. ताईने सगळ्यांना एकाच रांगेत लावलं आणि आमची चार दिवस चुकीच्या पायावर उडी मारत राहिली, प्रत्येक वेळी अंग वळायचं नाही, बॉल भलतीकडे जायचा, आणि बाकीची पोरं हसायची. चौथ्या दिवशी घरी येऊन म्हणाली मला नाही जायचं उद्या. मी खरंच चिडले होते. मला तेव्हा पायांचं काही माहीत नव्हतं, मला वाटलं हिलाच जमत नाहीये.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या सरांशी बोलले, त्यांनी तिला एकदा उडी मारायला लावली, एकच, आणि लगेच डोक्याला हात लावला. ताईला बोलावलं, ओरडले नाहीत, शांतपणे म्हणाले हिची पावलं उलटी काढ. मग स्वतः फक्कीची पिशवी घेतली आणि बाजूला वेगळी तीन पावलं काढली, नुसत्या हिच्यासाठी. आणि मग सगळ्या पोरांना जमवून सांगितलं की डावरी पोरगी टीमला सापडणं म्हणजे नशीब लागतं. मैदानाच्या उजव्या कोपऱ्यातून, राइट विंगला, उजव्या हाताने शॉट मारणाऱ्याला गोल दिसतच नाही नीट, कारण त्याचा हात बाहेरच्या बाजूला, लाइनीकडे असतो. डावऱ्याचा हात आतल्या बाजूला, मैदानाच्या मधल्या अंगाला असतो, त्यामुळे तेवढाच गोल त्याला जास्त उघडा दिसतो. म्हणून जगभरातल्या टीम राइट विंग आणि राइट बॅकला (उजव्याच बाजूला, पण कोपऱ्याऐवजी गोलपासून लांब मागे खेळणारा) डावरा खेळाडू शोधत असतात. हे ऐकताना आमचीचा चेहरा मी लांबून बघत होते. घरी येऊन तिने आजीला जेवणाच्या टेबलावर मीठदाणी आणि वाट्या मांडून ते सगळं समजावलं, गोल कुठे, विंग कुठे, हात कुठून येतो. आजींनी सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, बरं, खेळताना डावा चालेल. त्या दिवसानंतर तिला उठवायला लागलं नाही.

तर तुमचं पोर डावरं असेल तर कुठल्याही कोचिंगला पहिल्याच दिवशी सांगा. ते विचारतील अशी वाट बघू नका. आमचे चार दिवस फुकट गेले आणि पोरगी सोडून द्यायच्या टोकाला आली होती, आणि कारण तिच्यात नव्हतंच.

दुसरी तक्रार बॉलची, आणि ही मोठी आहे. हँडबॉलचे साइज असतात. ८ ते १२ची मुलं आणि ८ ते १४च्या मुली यांना १ नंबर, म्हणजे घेर ५० ते ५२ सेंटिमीटर आणि वजन २९० ते ३३० ग्रॅम. २ नंबर ५४ ते ५६ सेंटिमीटर, तो मोठ्या बायकांचा आणि १२ ते १६च्या मुलांचा. ३ नंबर ५८ ते ६० सेंटिमीटर, साधारण पावणेपाचशे ग्रॅमपर्यंत, तो पुरुषांचा. कॅम्पला पहिल्या दिवशी जी जाळी आली त्यात बारा बॉल, त्यात १ नंबरचे फक्त दोन. बाकी २ आणि ३, त्यातले निम्मे गुळगुळीत झालेले. आठ वर्षांच्या पोराच्या पंज्यात ३ नंबर मावणार कसा, ते मग दोन्ही हातांनी छातीशी धरतं आणि सगळी शिकवलेली पद्धत मोडते. दुसऱ्या दिवशी एका छोट्याचा अंगठा मुरगळला तो याच बॉलमुळे. आम्ही पाच-सहा पालकांनी मिळून विषय काढला, सरांनी मान्य केलं आणि चौथ्या दिवशी सहा नवीन १ नंबर आले. मान्य केलं याचे गुण देते, पण हे आधी व्हायला पाहिजे होतं, फी घेताना पोरांची वयं तुमच्याकडे लिहिलेली असतात.

घरी घ्यायचा असेल तर बॉलवर साइज छापलेला असतो तो बघा, दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नका. मला एका दुकानात "मोठाच घ्या ताई, वाढतं वय आहे" म्हणून ३ नंबर देत होते. चप्पल नाहीये ती पुढच्या वर्षी बसायला. हातात धरून बघा, पोराने एका हाताच्या बोटांनी वरून धरून दोन सेकंद उचलला पाहिजे. मी शिवलेला, थोडा मऊ असा १ नंबर घेतला, हवा पण थोडी कमी ठेवली, झेलायला भीती वाटत नाही.

मैदानाबद्दल. मातीचं आहे आणि रोज पाणी मारतात, त्यामुळे पडलं तरी खरचटण्यावर भागतं. सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टावर हँडबॉल शिकवणारे पण आहेत, पण बास्केटबॉलचं कोर्ट २८ बाय १५ मीटर, त्यात हँडबॉलची डी (गोलसमोरचा अर्धगोल, ज्यात फक्त किपरने पाय टेकवायचा) बसवली की मधे खेळायला काही राहतच नाही, आणि उडी मारून सिमेंटवर उतरणं लहान गुडघ्यांना चांगलं नाही असं माझं मत आहे. गोलपोस्ट लोखंडी, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे, खुंट्या ठोकून जमिनीत पक्के केलेले होते, ते मी पहिल्या दिवशी स्वतः हलवून बघितलं. तुम्ही पण बघा, कुठल्याही मैदानावर. पोरं दांड्याला लटकतातच, आणि सुटा गोल अंगावर आला तर काय होईल.

डी कशी आखली ते बघण्यासारखं होतं. सरांनी पोरांकडूनच आखून घेतली. ६ मीटरची सुतळी मोजली, एक टोक गोलच्या खांबाला आतल्या-मागच्या कोपऱ्यापाशी बांधलं, दुसरं टोक एका पोराने ताणून धरलं आणि गोलाच्या लाइनीपासून गोलासमोरपर्यंत फिरला, त्याच्या मागे दुसरा फक्की टाकत. मग दुसऱ्या खांबापासून तसंच. मधे गोलासमोर ३ मीटरची सरळ रेघ जोडली. झाली डी. भूमितीत वर्तुळाचा पाव भाग म्हणजे काय हे आमच्या वर्गातल्या फळ्यावर कधी एवढं स्पष्ट झालं नव्हतं. मग ७ मीटरवर पेनल्टीची छोटी रेघ आणि ९ मीटरवर तुटक-तुटक रेघ, फ्री थ्रोसाठी, म्हणजे फाऊल झाल्यावर समोरच्या टीमला मिळतो तो थ्रो. स्वतः आखल्यामुळे एकाही पोराला पुढे सांगावं लागलं नाही की डी कुठाय.

डीमध्ये किपरशिवाय कुणी पाय टेकवायचा नाही. पण बाहेरून उडी मारून डीच्या वर हवेत जाता येतं, पाय टेकायच्या आत बॉल हातातून सुटला पाहिजे. हा नियम म्हणजे या खेळाचा जीव आहे. पंधराव्या दिवशी आमचीने पहिल्यांदा बरोबर मारला. उजव्या कोपऱ्यातून पळत आली, उजवा, डावा, उजवा, चुन्याच्या रेघेच्या बोटभर अलीकडून उडाली, वेणी वर गेली, डावा हात मागून पुढे आला आणि बॉल किपरच्या पायापाशी टप्पा खाऊन आत गेला, आणि मग ती डीमध्ये गुडघ्यांवर पडली. सगळ्यात आधी तिने मागे वळून रेघ बघितली, मोडलीय का. मोडली नव्हती. तेव्हा हसली. मी कठड्यावरून उठून उभी राहिले होते ते मला नंतर कळलं.

पावलांवरून पोरांची जाम भांडणं व्हायची, चार झाली, नाही तीनच. सरांनी एक सांगितलं ते मला पण नवीन होतं, हवेत उडी मारून बॉल पकडला तर खाली येताना जो पहिला पाय टेकतो तो पाऊल धरत नाहीत, त्याच्यापुढची तीन. हे कळल्यावर पोरं मुद्दाम उडी मारून बॉल घ्यायला लागली आणि त्यातून त्यांचा वेग वाढला.

डिफेन्स थोडाच झाला, शेवटच्या पाच-सहा दिवसांत. हात वर, गुडघे वाकलेले, पावलं बाजूबाजूला सरकती, समोरच्याच्या समोर छाती आणायची. कबड्डी खेळणारी चार पोरं होती त्यांना हे सगळ्यात अवघड गेलं, कारण कबड्डीत धरून ठेवणं हाच खेळ आणि इथे मिठी मारली, ढकललं, मागून शर्ट ओढला की फाऊल. शॉट मारणाऱ्याचा हात मागून धरला तर फार गंभीर, सरळ बाहेर काढू शकतात. सरांनी दोन मिनिटांची शिक्षा पहिल्याच सराव मॅचपासून लावली, लिंबाखाली एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली, मोबाइलवर घड्याळ लावून त्या पोराच्याच हातात द्यायचे आणि दोन मिनिटं त्याची टीम एक माणूस कमी घेऊन खेळायची. खुर्चीवरच्या पोराला आपल्या टीमवर दोन गोल होताना बघावं लागतं ना, पुढच्या वेळी शर्टाला हात जात नाही. खऱ्या मॅचमध्ये अशा तीन शिक्षा झाल्या की लाल कार्ड.

आता तिसरी तक्रार, किपर. मला यात सगळ्यात जास्त वाईट वाटलं. २१ दिवसांत किपरला वेगळं असं शिकवलं शेवटच्या तीन दिवसांत, ते पण अर्धा-अर्धा तास. त्याआधी जो मागे राहील, जो जरा जाड आहे, जो पळायला हळू आहे, त्याला "तू गोलमध्ये उभा राहा". हँडबॉलचा किपर ग्लोव्हज घालत नाही, उघड्या हाताने आणि पायाने, सगळ्या अंगाने बॉल अडवतो, आणि शॉट येतो सहा मीटरवरून. न शिकवता तिथे पोराला उभं करणं बरोबर नाही. एका मुलाला गालावर बॉल लागला, सुजलं, दोन दिवस आला नाही. मोठ्यांच्या नियमात पण किपरच्या डोक्याची काळजी आहे, समोर कुणी नसताना मोकळा शॉट मारून किपरच्या डोक्यावर बॉल मारला तर मारणाऱ्याला दोन मिनिटं बाहेर बसवतात, २०२२च्या नियमबदलापासून आहे हे. मग लहानांच्या कॅम्पला तर पहिल्या दिवसापासून पाहिजे. किपरवर सराव करताना मऊ बॉल वापरा, खालून शॉट सुरू करा, आणि त्याला आधी शिकवा की शॉटच्या वेळी एक पाऊल पुढे ये म्हणजे गोल लहान होतो, हात चेहऱ्याच्या आसपास तयार ठेव, डोळे उघडे ठेव.

शेवटच्या तीन दिवसांत ताईने हे शिकवलं आणि छान शिकवलं, म्हणूनच राग येतो की आधी का नाही. तोच गालाला लागलेला मुलगा परत आला आणि शेवटच्या दिवशीच्या मॅचला त्याने दोन पेनल्टी अडवल्या, एक पायाने, आणि सगळी पोरं दोन्ही टीमची त्याच्यावर जाऊन पडली.

बाकीच्या छोट्या गोष्टी पटकन. मुलींच्या टॉयलेटला साडेसातपर्यंत कुलूप असायचं, शिपाई यायचाच साडेसातला, तेरा मुली आणि एक ताई यांनी दीड तास काय करायचं? चार वेळा बोलल्यावर किल्ली मिळाली, दहाव्या दिवशी. हे बारीकसारीक नाहीये, वयात येणाऱ्या मुली याच कारणाने खेळ सोडतात. पिण्याचं पाणी घरूनच न्या, लिटरभर तरी, आणि खेळायच्या आधी केळ किंवा दोन खजूर द्या, उपाशी पाठवू नका. टी-शर्ट सतराव्या दिवशी आला. वॉर्मअप रोज वीस मिनिटं व्हायचा, खांद्याचा जास्त, हे चांगलं. शेवटी स्ट्रेचिंग मात्र उन्हामुळे बऱ्याचदा राहून जायचं.

शनिवारी शेवटची पंधरा मिनिटं लिंबाखाली बसून गप्पा असायच्या, पोरं काहीही विचारायची. हा खेळ नवीन आहे का, असं एकाने विचारलं तर सरांनी डेन्मार्कच्या होल्गर निल्सन नावाच्या शिक्षकाचं सांगितलं, १९०६मध्ये त्यांनी नियम छापले. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये मोठ्या मैदानावर अकरा-अकरा जणांनी खेळले, मग आजचा सात जणांचा खेळ १९७२ला म्युनिकमध्ये आला आणि बायकांचा १९७६ला मॉन्ट्रियलमध्ये. आपल्याकडे १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये हँडबॉल पहिल्यांदा आला. आणि २०२२ला आपल्या ज्युनियर मुलींनी कझाकस्तानात आशियाई स्पर्धेचं सोनं जिंकलं, हे ऐकून तेरा मुलींनी एकमेकींकडे बघितलं ते मला अजून आठवतं. मला स्वतःला ही बातमी माहीत नव्हती आणि मला त्याचं वाईट वाटलं.

पालकांचा नेहमीचा प्रश्न, दहावीला मार्क मिळतील का. सरांनी सरळ सांगितलं की शालेय स्पर्धांत हँडबॉल आहे, १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत, जिल्हा, विभाग, राज्य अशी पायरी आहे, वरपर्यंत खेळलं तर क्रीडागुणांचे नियम लागू होतात, पण २१ दिवसांच्या कॅम्पचं सर्टिफिकेट कशालाही लागत नाही, त्यासाठी येऊ नका. हे तोंडावर सांगणारा माणूस मला विश्वासाचा वाटला. असे पण क्लास आहेत जिथे पहिल्या दिवशी मार्कांचं आमिष दाखवतात.

मग पाच पैकी किती? शिकवण्याच्या पद्धतीला मी पूर्ण पाच देते, त्या आठ दिवसांच्या झेलाझेलीसकट, किंबहुना त्याच्यासाठीच. सोयींना दोन. किपरच्या बाबतीत एक सुद्धा द्यायची इच्छा होत नाही, पण शेवटच्या तीन दिवसांचा एक देते. आठ वर्षांपेक्षा लहान पोराला घालू नका, त्या वयाच्या पोरांसाठी तिथे वेगळं काही नाही. दहा ते तेरा एकदम योग्य वय. लाजाळू, अंग चोरणाऱ्या पोरांना जरूर घाला, या खेळात एकटा हिरो होताच येत नाही, पास दिल्याशिवाय गोल होत नाही, त्यामुळे गप्प बसणारं पोर पण आठवड्याभरात "दे दे, इकडे" म्हणून ओरडायला लागतं.

जूनपासून शनिवार-रविवार संध्याकाळी पाचची बॅच चालू राहणार आहे, महिना ४०० रुपये, नाव मी घातलंय. सरांना विचारून घेतलंय की किपरचा सराव दर रविवारी वेगळा होणार का, हो म्हणालेत, आणि टॉयलेटची एक किल्ली ताईकडे कायमची राहणार आहे. ऑगस्टमध्ये तिथे परत काय परिस्थिती आहे ते इथेच खाली लिहीन.